पन्नास वर्षांनी सायकलवर

मॅकिनॉ हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते एखाद्या औषधाचं वाटलं होतं. दोन गोळ्या जेवणानंतर, अशा थाटातलं. लेक फोनवर म्हणाली, "आई, या वेळी तू आलीस की मॅकिनॉला जाऊ." मी म्हटलं, "जाऊ." नायगारा झाला होता, शिकागो झालं होतं, देवळं झाली होती. मुलीकडे तिसऱ्यांदा निघालेल्या बाईला नाही म्हणायला फारसं काही उरलेलं नसतं.

माझी लेक मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या जवळ राहते. तिथून मॅकिनॉ सिटी हे गाव गाडीने साडेचार तासांवर, थेट उत्तरेला. रस्ता अगदी सरळ. दोन्ही बाजूंना झाडं, झाडं आणि झाडं. राज्याचा खालचा भाग संपतो तिथे पाणी लागतं आणि त्या पाण्यात, ह्युरॉन सरोवरात, मॅकिनॉ बेट आहे. गंमत म्हणजे काठावरच्या गावाच्या नावाचं स्पेलिंग वेगळं आणि बेटाच्या नावाचं वेगळं, उच्चार मात्र एकच. बेटाच्या नावात शेवटी 'क'चं अक्षर लिहितात आणि म्हणताना 'नॉ' म्हणतात. माझ्या वर्गातल्या कुणी असं लिहिलं असतं तर मी लाल पेनाने गोल केला असता.

तर जून २०२४ मधली ही गोष्ट. लेक, जावई, तेरा वर्षांची नात आणि मी असे चौघेजण सकाळी धक्क्यावर पोचलो. गाडी काठावरच ठेवायची, कारण बेटावर मोटारगाड्यांना बंदी आहे. ही बंदी आजकालची, पर्यावरणाच्या काळजीतून आलेली नव्हे. ती १८९८ सालची आहे. तेव्हा नुकत्याच आलेल्या मोटारींना तिथले घोडे बुजायला लागले, टांगेवाल्यांनी तक्रार केली आणि गावाने मोटारीच बंद केल्या. त्या अजून बंदच आहेत. आगीचा बंब, रुग्णवाहिका अशी अडीअडचणीची वाहनं सोडली तर सगळा कारभार घोड्यांवर, सायकलींवर आणि पायांवर चालतो. टांगेवाल्यांचं कुणी ऐकलं असं जगात फार ठिकाणी घडलेलं नसावं!

बोट जेमतेम वीस मिनिटं घेते. वरच्या उघड्या डेकवर बसलो. मला वाऱ्याने डोकं दुखण्याची भीती, म्हणून कानटोपी घातली होती. नात तीनदा म्हणाली, "आजी, इट्स जून!" पण ते पाणी आणि तो वारा जूनचा नव्हता, आपल्या महाबळेश्वरच्या जानेवारीचा होता. डाव्या हाताला मॅकिनॉचा प्रचंड झुलता पूल दिसत होता. जवळपास आठ किलोमीटर लांबीचा हा पूल १९५७ साली सुरू झाला. त्याआधी मिशिगनच्या खालच्या भागातून वरच्या भागात गाड्यासुद्धा बोटीतून न्याव्या लागत. पुलाच्या पश्चिमेला मिशिगन सरोवर, पूर्वेला ह्युरॉन. सरोवर म्हणायचं खरं, पण एकट्या ह्युरॉनमध्ये गोव्यासारखी सोळा राज्यं मावतील. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, दीपगृहं आहेत. मी ओंजळीत पाणी घेऊन चाखून पाहिलं तेव्हाच ते गोडं आहे यावर माझा विश्वास बसला.

बेट जवळ आलं की आधी टेकडीवरचा पांढरा किल्ला दिसतो, मग खाली अर्धचंद्राकृती बंदर, नांगरलेल्या शिडाच्या होड्या, चर्चचे कळस आणि लाकडी घरं. डाव्या बाजूला एक लांबच लांब पांढरं हॉटेल. त्याच्या व्हरांड्याची लांबी ६६० फूट! हॉटेल १८८७ सालचं आहे. मूळच्या आनिशिनाबे लोकांना हे बेट पाण्यातून वर आलेल्या मोठ्या कासवासारखं वाटे, म्हणून त्यांनी त्याला तसं नाव दिलं. त्याच नावाचं झिजून झिजून मॅकिनॉ झालं. आम्ही महादेवाच्या देवळात गाभाऱ्याआधी कासवाला हात लावून पुढे जाणारी माणसं. मला ते एकदम ओळखीचं वाटलं. बोटीतून उतरताना मी मनातल्या मनात नमस्कार केला.

धक्क्यावर पाय ठेवला आणि आधी वास आला. घोड्यांच्या लिदीचा, ओल्या लाकडाचा आणि त्यात मिसळलेला उकळत्या साखरेचा. इथे फज नावाची एक बर्फीसारखी मिठाई प्रसिद्ध आहे. दुकानदार काचेमागे संगमरवरी टेबलावर ती उलथन्याने घोळत बसतात आणि वास रस्त्यावर सोडतात. लायलॅकची जांभळी फुलं सगळीकडे फुललेली. उन्हाळ्यात इथे पाचशेच्या वर घोडे असतात. माल, कचरा, पार्सलं सगळं घोडागाडीतून जातं. आणि बंदरावरची तरणी मुलं प्रवाशांच्या बॅगा सायकलच्या पुढच्या टोपलीत एकावर एक रचून, वरून हाताने तोलत, गर्दीतून हॉटेलांकडे नेतात. एका मुलाच्या सायकलवर मी नऊ बॅगा मोजल्या. आपल्याकडचे दूधवाले किटल्या लावून असेच जायचे. मी तिथेच थांबून बघत राहिले. खूप वर्षांनी सायकलचा असा वापर बघत होते.

जावयांनी सायकलच्या दुकानासमोर माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "आई, तुमच्यासाठी टांग्याचं तिकीट काढू?"

मी म्हटलं, "मला सायकल हवी आहे."

आता इथे थोडं मागे जायला हवं. मी पुण्याची. साठ-सत्तरच्या दशकातलं पुणं म्हणजे सायकलींचं गाव. सकाळी कारखान्याच्या भोंग्याच्या वेळी लक्ष्मी रस्त्यावर नुसत्या घंट्या ऐकू यायच्या. माझ्याकडे जुनी घेतलेली एक लेडीज सायकल होती, मागच्या चाकाला पातळ अडकू नये म्हणून जाळी, पुढे डायनामोचा दिवा. त्या सायकलवर मी कॉलेजला गेले, त्याच सायकलवर १९७२ साली बी.ए.चा निकाल बघायला गेले. १९७४ साली लग्न होऊन सातारा जिल्ह्यातल्या एका गावात आले. पुढच्या वर्षी तिथल्याच हायस्कुलात नोकरी लागली. शाळा घरापासून दीड मैलावर. मी सासूबाईंना विचारलं, माझी सायकल आणून घेऊ का? त्या भाकरी थापत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "आपल्याकडं बायका सायकल नाही चालवत." एवढंच. आवाज चढवला नाही, रागावल्या नाहीत. मीही पुन्हा विचारलं नाही. सायकल माहेरी राहिली, भावाने काही दिवस वापरली आणि मग भंगारात गेली. चौतीस वर्षं मी चालत शाळेत गेले. याचं फार दुःख केलं असंही नाही. त्या वेळी आपण कितीतरी गोष्टी सोडायचो, त्यातली एक.

तर दुकानातल्या मुलाने मला विचारलं की याआधी सायकल कधी चालवली होती. मी म्हटलं, १९७४. त्याने लेकीकडे पाहिलं, लेकीने खांदे उडवले. मग त्याने एक बुटकी, मधल्या दांडीशिवायची, पुढे टोपली असलेली सायकल काढली आणि सीट इतकी खाली केली की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. डोक्याला हेल्मेट आलं, खाली पंजाबी ड्रेस आणि जावयांनी घेऊन दिलेले पांढरे बूट. हसू नका, फोटो आहे, पण तो मी इथे टाकणार नाही.

मागच्या गल्लीत सराव केला. तोल जात नाही हे खरंच आहे, शरीर विसरत नाही. पण एक घोटाळा झाला. या सायकलींना हाताचा ब्रेक नाही, पायडल उलटं मारलं की ब्रेक लागतो. आणि पुण्याच्या माणसाला उतारावर पाय रिकामे उलटे फिरवायची जन्माची सवय! मी आपली दहा फूट गेले, मजेत उलटं पायडल मारलं आणि सायकल खाडकन थांबली. मी पुढच्या टोपलीवर. समोरून येणाऱ्या घोडागाडीच्या घोड्याने मान फिरवून माझ्याकडे पाहिलं. लेक धावत आली, "आई, राहू दे ना." मी म्हटलं, "मला कळलं आता. परत नाही होणार." परत एकदा झालं. तिसऱ्यांदा नाही.

बेटाला वळसा घालणारा रस्ता तेरा किलोमीटरचा आहे. एम-१८५ असं त्याचं नाव. अमेरिकेतला मोटारींना बंदी असलेला राज्य महामार्ग म्हणून तो प्रसिद्ध आहे. महामार्ग म्हणजे काय, तर आपल्या गावाकडच्या डांबरी सडकेएवढा, पण सपाट आणि स्वच्छ. एका हाताला पाणी, कुठे कुठे तर चाकापासून दोन हातांवर. दुसऱ्या हाताला चुनखडीचे उंच कडे आणि देवदाराच्या जातीची झाडं. मैलाचे दगड बघत जायचं. बेटाचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग राखीव उद्यान आहे. १८७५ साली यलोस्टोननंतर अमेरिकेने हे दुसरं राष्ट्रीय उद्यान केलं होतं. पुढे १८९५ मध्ये ते मिशिगन राज्याकडे आलं.

आम्ही पूर्वेकडून निघालो. पहिल्या मैलात माझी मांडी भरून आली आणि दुसऱ्या मैलात मी ते विसरले. आजूबाजूला सगळ्या वयाची माणसं होती. पाठीमागे ट्रेलरमध्ये झोपलेलं बाळ घेऊन जाणारी आई, दोघांची एक सायकल चालवणारं म्हातारं जोडपं, चौघी मैत्रिणी माझ्याच वयाच्या, मोठमोठ्याने हसत जाणाऱ्या. त्यातल्या एकीने मला ओलांडताना घंटी वाजवली आणि हात केला. आर्च रॉक नावाची खडकाची नैसर्गिक कमान आली. पाण्यापासून जवळजवळ १५० फूट उंचावर आहे. वर जायला दोनशेच्या वर पायऱ्या. त्या मी नात आणि जावयांना दिल्या आणि खाली बाकावर बसून पाण्याकडे बघत बसले. पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजून घ्यावेत.

तिथून पुढे निघालो आणि नात सुसाट सुटली. आधी ती वळणापर्यंत जाऊन थांबायची, मग थांबेनाशी झाली. एका वळणानंतर दिसेना. पुढे रस्ता मोकळा, झाडीचा, माणसं तुरळक. माझ्या छातीत धस्स झालं आणि मी ओरडले, "अगं, एकटी पुढे जाऊ नकोस! थांब! मुलीच्या जातीने असं..."

वाक्य मी पुरं केलं नाही. लेक शेजारून शांतपणे म्हणाली, "जाऊ दे गं आई. रस्ता गोल आहे. हरवून हरवून जाईल कुठे?"

ती हसली. मी सायकल थांबवली. उलटं पायडल मारून, या वेळी मुद्दाम. लेकीला वाटलं दम लागला, तिने पाण्याची बाटली दिली. दम लागला नव्हता. ते वाक्य मी याआधी एकदा पुरं केलं होतं.

१९७९ सालची गोष्ट. आमच्या शाळेत एका वाडीवरून एक मुलगी यायची. आठवीत होती, माझ्या नातीच्याच वयाची. वाडी शाळेपासून चार किलोमीटर, मध्ये ओढा. वाडीवर चौथीपर्यंतच शाळा, आणि तिथून हायस्कुलात येणारी ती पहिलीच मुलगी. थोरल्या भावाने शाळा सोडली होती, त्याची मोठी सायकल घरात पडून होती. ती सायकल घेऊन ही यायची. सीटवर पाय पुरायचे नाहीत, म्हणून दांडीखालून पाय घालून, परकर कमरेला खोचून, हाफ पायडल मारत. दप्तर कॅरिअरला बांधलेलं. मी खिडकीतून बघायचे तिला येताना. घामाघूम, पण कधी उशीर नाही. खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटायचा.

दोन महिने हे चाललं. मग रस्त्यावर काही पोरं तिच्या मागे लागायला लागली, शिट्ट्या मारू लागली. गावातली चार मोठी माणसं मुख्याध्यापकांकडे आली. त्या पोरांबद्दल बोलायला नव्हे, मुलीच्या सायकलबद्दल. पोर मोठी झाली, बरं दिसत नाही, उद्या काही झालं तर शाळेवर येईल. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. "बाई, तुम्ही समजावून सांगा. तुमचं ऐकेल ती."

आणि मी समजावून सांगितलं. मधल्या सुट्टीत तिला व्हरांड्यात बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि मायेने म्हटलं, "उद्यापासून सायकल आणू नकोस हं. मुलीच्या जातीने असं एकटीने बरं नाही. चालत ये मैत्रिणींबरोबर." वाडीवरून दुसरी मुलगी येतच नव्हती, हे मला माहीत होतं. तिने मान हलवली. "व्हय बाई," म्हणाली. मी सासूबाईंसमोर हलवली होती तशीच.

पंधरा-वीस दिवस ती चालत आली. रोज पहिला तास बुडायचा. मग जोराचा पाऊस झाला, ओढ्याला पाणी आलं आणि ती यायची थांबली. पाणी ओसरलं तरी आली नाही. मी निरोप पाठवला. घरून उत्तर आलं, तिची आई शेतावर जाते, लहान भावंडांकडे बघायला कुणी नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न झाल्याचं कळलं. हजेरीपटावर तिच्या नावापुढे मी स्वतः लाल शाईने 'नाव कमी' असं लिहिलं.

मी काही चुकीचं केलं असं तेव्हा वाटलं नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "बाईंनी नीट हाताळलं." मला बरं वाटलं होतं. पुढे २००६ साली बिहारमध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सरकारने सायकली द्यायला सुरुवात केली आणि त्यामुळे शाळेत टिकणाऱ्या मुलींची संख्या वाढली, असं पेपरात वाचलं. आपल्याकडेही मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळू लागला, काही तालुक्यांत सायकली मिळू लागल्या. ती बातमी मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवली होती. मुली टाळ्या वाजवत होत्या आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले होते. हायस्कुलातली पोर आणि तिची शाळा, यांच्यामध्ये कधी कधी फक्त दोन चाकं असतात. मला ते ठाऊक होतं. न शिकलेल्या माणसाला ठाऊक नसेल, मला ठाऊक होतं.

त्या बेटावर माझ्या वळणावर ती उभी राहिली.

असो. आम्ही पुढे निघालो. वायव्येला ब्रिटिश लँडिंग नावाची जागा आहे. टेकडीवरचा किल्ला ब्रिटिशांनी १७८० साली बांधायला घेतला. नंतर तो अमेरिकेकडे आला. १८१२च्या युद्धात ब्रिटिश सैनिक आणि त्यांच्याबरोबरचे मूळ रहिवासी योद्धे रात्री इथे उतरले, जंगलातून किल्ल्याच्या मागे गेले आणि सकाळी किल्लेदाराने लढाई न करताच किल्ला दिला. आमची नात तिथे लिंबू सरबत पीत बसली होती. "आजी, यू आर सो स्लो!" म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर वाऱ्याने लाली आली होती. मी तिला काही बोलले नाही. तिच्या पेल्यातलं सरबत प्यायले.

परतीच्या बाजूला पूल सारखा समोर राहतो. रस्त्याकडेला लोकांनी गोट्यांवर गोटे रचून ठेवलेले आहेत, शेकडो. शेवटच्या दोन मैलांत गुडघ्यांनी आपलं वय सांगितलं. तरी तेरा किलोमीटर पुरे केले. दुकानातल्या मुलाने सायकल परत घेताना टाळी वाजवली.

दुपारी गावात हिंडलो. मार्केट स्ट्रीटवर एका जुन्या इमारतीत छोटंसं संग्रहालय आहे. दारावरचं नाव वाचून मी थबकले, डॉक्टर ब्यूमाँट! शाळेच्या ग्रंथालयातल्या एका पुस्तकात ही गोष्ट मी वाचली होती आणि ऑफ तासाला पोरांना नेहमी सांगायचे. पण ती इथली आहे हे मला माहीतच नव्हतं.

गोष्ट अशी. ६ जून १८२२ रोजी याच बेटावर, केसाळ कातड्यांचा व्यापार करणाऱ्या कंपनीच्या दुकानात बंदूक चुकून उडाली. अलेक्सी सेंट मार्टिन नावाचा एक फ्रेंच-कॅनेडियन होडीवाला मजूर जखमी झाला. किल्ल्यावरचे लष्करी डॉक्टर विल्यम ब्यूमाँट यांनी त्याला वाचवलं. तो जगला, पण पोटाची जखम पूर्ण बुजली नाही, जठरात थेट उघडणारं एक भोक राहून गेलं. डॉक्टरांच्या लक्षात आलं की ही खिडकी आहे. १८२५ पासून त्यांनी रेशमी दोऱ्याला मांसाचे, भाजीचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडले आणि कुठला पदार्थ किती वेळात पचतो ते बघितलं. जठररस अन्नाचं रासायनिक पचन करतो, हे त्यातून पक्कं झालं. १८३३ साली त्यांचं पुस्तक आलं आणि ते जगप्रसिद्ध झाले.

मुलांना ही गोष्ट फार आवडायची. मी ती 'चिकाटी' या सदरात सांगायचे. एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं होतं, "बाई, मग त्या माणसाचं काय झालं?" मी म्हटलं होतं, "तो बरा झाला."

तो बरा झाला नव्हता. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. प्रयोगांसाठीच्या करारावर त्याने फुली मारली होती. डॉक्टरांच्या घरी लाकडं फोडायची आणि बोलावलं की पोट उघडं करून आडवं व्हायचं. अखेर तो कॅनडात निघून गेला आणि पुढे डॉक्टरांनी किती बोलावलं तरी आला नाही. १८८० साली तो वारला तेव्हा घरच्यांनी त्याचं प्रेत मुद्दाम कुजू दिलं आणि मग खोल पुरलं, डॉक्टरांनी उकरून नेऊ नये म्हणून. डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी त्याचा जीव वाचवला होता. त्यांनाही वाटत असेल की आपण सगळं नीट हाताळलं.

मी तिथून बाहेर आले आणि लायलॅकखालच्या बाकावर बसले. फज खाल्लं. फार गोड असतं, एका तुकड्याच्या वर जात नाही.

संध्याकाळच्या बोटीने परत निघालो. बेटावर बाराही महिने राहणारी माणसं पाचशेच्या आसपास. हिवाळ्यात सरोवर गोठलं की ती बर्फावरून पलीकडे जातात. वाट चुकू नये म्हणून नाताळ झाल्यावरची ख्रिसमसची झाडं बर्फात ओळीने रोवून ठेवतात. जावई हे सांगत होते. नात माझ्या खांद्याला टेकून बसली होती. तिने विचारलं, "आजी, तू शाळेत सायकलने जायचीस?"

मी म्हटलं, "नाही. पण एक मुलगी यायची." आणि मी तिला सगळं सांगितलं. लेकीलाही हे माहीत नव्हतं. कुणालाच सांगितलेलं नव्हतं. नातीला मराठी कळतं, पण अडखळत. 'मुलीच्या जातीने' म्हणजे काय, हे लेकीने तिला इंग्रजीत समजावून सांगितलं. इंग्रजीत ते आणखीच वाईट ऐकू आलं.

सगळं ऐकून नात म्हणाली, "मग तू तिला सॉरी म्हणालीस?"

मी तिला २००३ साली भेटले होते. एका लग्नात. ती साधारण सदतीस वर्षांची असेल, केस पिकायला लागले होते. मी तिला ओळखलं नाही, तिने मला ओळखलं. वाकून नमस्कार केला आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "ह्या आमच्या बाई. लई मायेनं बोलायच्या." मी तिची खुशाली विचारली, मुलं किती, पाऊस कसा आहे. पंगत बसली आणि आम्ही पांगलो.

"नाही म्हणाले," मी नातीला सांगितलं.

"का?"

बोट धक्क्याला लागली. सगळे उठले आणि तिचा प्रश्न त्या गडबडीत राहून गेला. तिच्या बाजूने राहून गेला, माझ्या बाजूने नाही.

परत आल्यावर मी चौकशी केली. ती आहे, त्याच तालुक्यात, सासरच्या गावी. गावापर्यंत सकाळची एस.टी. जाते. तिच्याकडे जाऊन नेमकं काय बोलायचं, हे मी तीन-चारदा वहीत लिहून काढलं आणि खोडलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे निबंध तपासले, हा एक जमत नाही. कदाचित ती हसेल, म्हणेल, "बाई, मी तर इसरून बी गेले." कदाचित विसरली नसेल. दोन्हीची मला भीती वाटते. पण येत्या सोमवारी तिच्या गावचा बाजार असतो, त्या दिवशी ती घरी नसते, म्हणून मंगळवारी जायचं ठरवलं आहे.